फुलोऱ्याची काच

गंगाखेडहून राणीसावरगावकडे जाताना डाव्या हाताला एक उघडा माळ लागतो. त्या माळावर आमचा इनॅमलचा कारखाना होता. सरकारी दवाखान्यांना लागणारे ट्रे, बेसिनं, रुग्णांची भांडी, निळ्या काठाचे मग. काळ्या पत्र्यावर काचेचा पातळ थर भाजून चढवायचा आणि तो पांढरा करायचा, एवढाच धंदा. मी तिथं केमिस्ट होतो. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात रुजू झालो तेव्हा चाळिशीला आलो होतो. लग्न झालेलं नव्हतं, आणि आता होईल असं कुणाला वाटतही नव्हतं.

तो पांढरेपणा सोडियम सिलिकोफ्लोराइडमुळे यायचा. खताच्या कारखान्यांत फॉस्फेटच्या दगडावर आम्ल ओतल्यावर जे वायू निघतात, त्यांतून ते मिळतं. मैद्यासारखं बारीक, वास नाही, पाण्यात धड विरघळत नाही. कुठं ते उंदीर-झुरळं मारायला वापरतात, कुठं लोकरीला कसर लागू नये म्हणून. मोठ्या धोबीखान्यांत शेवटच्या पाण्यात टाकतात, म्हणजे कपड्यातला सोड्याचा अंश मरतो आणि गंजाचे डाग जातात. चमचाभर पोटात गेलं तर माणूस वाचणं कठीण. आम्ही ते वाळू, फेल्स्पार आणि टाकणखार यांच्यात मिसळून भट्टीत घालायचो. कामगारांच्या तोंडात 'फ्लोराइड' बसत नव्हतं, ते त्याला फुलोरा म्हणत. पुढं मीही तेच म्हणू लागलो.

फुलोरा घातलेली काच भट्टीत वितळलेली असते तेव्हा पाण्यासारखी नितळ दिसते. ती पांढरी होते ती निवताना. आत बारीक स्फटिक धरतात आणि बघता बघता दूध होतं. नव्या माणसाला हे दाखवायला मला आवडायचं. दाखवायला नवा माणूस फारसा येत नसे, ही गोष्ट वेगळी.

याची दुसरी बाजू धुराची. फुलोरा तापला की त्यातून जो वायू सुटतो, तो ओल्या हवेत काच खातो. भट्टीच्या आसपासच्या सगळ्या काचा एका-दोन पावसाळ्यांत आंधळ्या व्हायच्या. ऑफिसच्या घड्याळाची काचसुद्धा. मालकांनी तिथं शेवटी पत्रे ठोकले.

मला राहायला दिलेलं क्वार्टर भट्टीच्या पूर्वेला, रस्त्याच्या बाजूला होतं. दोन खोल्या आणि पुढं ओसरी. दार एकच, उत्तरेला. पश्चिमेच्या भिंतीत वर एक झरोका होता, त्याला काच नव्हती, नुसती जाळी. पूर्वेला खिडकी होती, एका अखंड काचेची, न उघडणारी. बांधणाऱ्यानं रस्त्याच्या धुळीला भिऊन ती तशी बसवली असावी. तिच्यातून डांबरी रस्ता दिसायचा आणि एक लिंब. हात केला तर एसटी त्या लिंबाखाली थांबायची. शेजारी दुसरं घर नव्हतं. रविवारी भट्टीवरची पाळी सोडली तर सगळं बंद असायचं. त्या दिवशी संध्याकाळी स्वतःचा आवाज ऐकला की दचकायला व्हायचं, इतका तो दिवसभर वापरलेला नसायचा.

पहिल्या पावसाळ्यात माझ्या खिडकीची काच पांढरी होऊ लागली. त्यात नवल नव्हतं. दसऱ्याला खोली झाडायला काढली तेव्हा मात्र नीट बघितलं. काचेचा एक भाग पांढरा झालाच नव्हता. माझ्या छातीच्या उंचीवर कपाळाएवढा एक गोल, त्याच्या खाली नाकाच्या शेंड्याएवढा ठिपका, आणि दोन्ही अंगांना पसरलेले दोन तळहात. बोटंसुद्धा मोजता येत होती.

मला भीती वाटली नाही. त्याचं कारण मला ठाऊक होतं. काचेवर तेल किंवा मेण असलं की वायू तिथं पोचत नाही. नक्षीची काच करणारे याच युक्तीवर पोट भरतात. खात्रीसाठी मी काचेचा एक तुकडा आणून त्यावर खोबरेल लावलेला अंगठा दाबला आणि तो भट्टीजवळ टांगला. थोड्या दिवसांनी अंगठ्याची खूण नितळ राहिली, बाकी तुकडा पांढरा झाला. म्हणजे डोक्याला तेल लावणारं कुणीतरी माझ्या खिडकीला कपाळ टेकून आत बघत असलं पाहिजे. उंची कमी, म्हणजे एखादी बाई किंवा पोर. मी कामावर असताना.

काच बाहेरून पुसून काढावी म्हणून फडकं घेऊन मी रस्त्याच्या बाजूला गेलो. हात फिरवला. बाहेरची बाजू गुळगुळीत होती, सगळीकडे. मग आत येऊन हात फिरवला. आतली बाजू खरखरीत होती. मी उभा राहून विचार केला तेव्हा तेही पटलं. धूर झरोक्यातून आत यायचा आणि समोरच्या खिडकीवर आदळायचा. काच आतून खाल्ली जात होती. त्यात न पटण्यासारखं काही नव्हतं.

फक्त मग, जे कुणी होतं ते बाहेरून आत बघत नव्हतं. आत उभं राहून रस्त्याकडे बघत होतं.

कारखान्याचा वॉचमन आश्रुबा नावाचा गृहस्थ होता. तो आणि त्याची बायको सरजाबाई फाटकाजवळच्या खोलीत राहायचे. क्वार्टरची दुसरी किल्ली त्याच्याकडे असायची. मी त्याला आडून आडून विचारलं. त्यानं किल्ली कमरेची काढून माझ्यापुढं ठेवली आणि कुणीच जात नाही म्हणाला. माझ्याआधी इथं कोण राहायचं, कुणाचं काही बरंवाईट झालं होतं का, तेही मी विचारलं. मला स्वतःचीच लाज वाटत होती.

"हितं कोन मेलं न्हाई, साहेब," आश्रुबा म्हणाला. "हितं कोन ऱ्हायलंच न्हाई. तुमीच पैले."

मी गंगाखेडहून नवं कुलूप आणलं, नवी काच आणून बसवली, आणि पुढच्या पावसाळ्याआधी लोखंडी कपाट ओढून खिडकीला भिडवलं. खिडकी पूर्ण झाकली गेली. खोलीत अंधार झाला तो सोसला. कपाटामागं काच आहे हे मी विसरून गेलो, किंवा तसं ठरवलं.

पावसाळा संपल्यावर कपाट हलवायला गेलो तेव्हा लक्षात आलं की ते भिंतीला भिडलेलं नाही. मधे वीतभर जागा होती. माणूस मावेल एवढी ती जागा नव्हती. नवी काच पांढरी झाली होती, आणि तिच्यात त्याच उंचीवर कपाळ, नाक आणि दोन तळहात होते. गेल्या खेपेपेक्षा जास्त स्वच्छ.

कपाट मी पुन्हा लावलं नाही. का, ते सांगता येणार नाही. अडचण करू नये असं काहीसं वाटलं.

त्या हिवाळ्यात अव्वा आली. माझी आई, शिवम्मा. उदगीरजवळच्या खेड्यात ती एकटीच असायची. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. चुलीतला जाळ तेवढा दिसतो म्हणायची. परभणीला डोळ्यांचं शिबिर भरणार होतं, म्हणून मी तिला घेऊन आलो. दिवसा सरजाबाई येऊन तिच्याजवळ बसायची. अव्वा सकाळी कपाळाला विभूती लावून, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करायची, आणि मग भिंती चाचपत घर ओळखून घ्यायची.

खिडकी तिला पहिल्याच आठवड्यात सापडली. मी जेवायला आलो तेव्हा ती काचेला कपाळ लावून उभी होती. दोन्ही हात काचेवर. तिचं कपाळ त्या गोलात बसलं होतं आणि तळहात तळहातांवर. उंची तंतोतंत.

"हितनं दिसायलंय की रं," ती म्हणाली. तिच्या आवाजात अगदी साधा आनंद होता. उसाच्या वाढ्यांनी भरलेली बैलगाडी चालली आहे, असं ती सांगू लागली. हिरवागार चारा, आणि अलीकडच्या पांढऱ्या बैलाचं एक शिंग मोडलेलं. मी ओसरीवरून रस्त्यावर गेलो. गाडी लिंबापुढं जात होती. अलीकडच्या बैलाचं शिंग मोडलेलं होतं.

मी तिला उजेडात, दारात बसवून डोळ्यांपुढं बोटं धरली. तिला बोटं सोडा, माझा हातही कळला नाही.

मी रसायन शिकलो आहे, डोळ्यांचं शास्त्र नाही. पिकलेल्या मोतीबिंदूतही कुठं फट राहत असेल, काचेतून येणारी तिरीप नेमकी तिथं पडत असेल, अशी समजूत मी घालून घेतली. शिबिराला फार दिवस राहिले नव्हते. तोवर तिला करमत होतं हेच पुष्कळ होतं. गावाकडं ती भिंतींशी बोलायची, हे तिनं मला हसत हसत सांगितलं होतं. माणसाचा आवाज घरात राहावा म्हणून. इथं ती सगळी दुपार खिडकीशी असायची आणि मी आलो की रस्त्यावरची माणसं सांगायची. कोण कुणाबरोबर एसटीतून उतरलं, कुणी डोक्यावर काय घेतलं होतं. अनेक वर्षांत मला घरी येऊन कुणी काही सांगितलेलं नव्हतं. मी भाकरी खात ऐकायचो.

शिबिराच्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनात एसटी बंद झाल्या. रस्ता दिवसभर ओस होता. गंगाखेडपर्यंत जायला जीपही मिळाली नाही. पुढचं शिबिर उन्हाळ्यात होतं. मला वाईट वाटलं, अव्वाला वाटलं नाही. दिसतंय तर डोळ्याला चाकू कशाला लावायचा, असं ती म्हणू लागली. मग मी वाद घालू लागलो. हे दिसणं खरं नाही, ते जाईल, आणि मग उशीर झालेला असेल. ती ऐकेना. शेवटी मी म्हणालो, बघू या काय दिसतं ते.

रविवार होता. भर दुपार. अव्वा खिडकीशी उभी राहिली. सरजाबाई जवळच डाळ निवडत बसली होती. मी रस्ता ओलांडून लिंबाखाली गेलो, खिडकीकडे तोंड केलं आणि हात वर करून तीन बोटं दाखवली. ऊन रणरणत होतं. माळावर चिटपाखरू नव्हतं. पांढऱ्या काचेत तो गोल दिसत होता आणि त्यात अव्वाचं कपाळ.

थोडा वेळ थांबून मी परत आलो.

"तीन," अव्वा म्हणाली. ती अजून बाहेरच बघत होती. "अन् तुज्याशेजारी हुबी हाय, तिनं हात का वर केला न्हाई?"

सरजाबाईचे हात सुपात थांबले.

कोण, म्हणून मी विचारलं. अव्वानं खिडकीवरून कपाळ न काढता सांगितलं की ती रोजच तिथं असते. लिंबाला टेकून. गाडी आली तरी चढत नाही. उतरणाऱ्यांची तोंडं बघते, आणि गाडी गेली की पुन्हा घराकडे बघत बसते.

मी अव्वाच्या डोक्यावरून वाकून त्या नितळ जागेतून पाहिलं. लिंब होता. रस्ता होता. सावलीत वाळका पाचोळा पडलेला होता.

"आता बी हाय?"

"हाय की. हिकडंच बगायलीय."

सरजाबाईनं सूप उचललं आणि ओसरीवर जाऊन बसली. त्यानंतर ती आत आली नाही. डाळ असो, भाजी असो, बाहेरच.

त्या संध्याकाळी अव्वा बरंच बोलली. मी तिला थांबवलं नाही. खिडकीतली जागा त्या बाईची आहे, हे ती अशा रीतीनं सांगत होती की जणू शेजारच्या घराचं काही सांगते आहे. आधी ती आत उभी राहायची. अव्वानं येऊन जागा घेतली, म्हणून ती बाहेर गेली. भांडली नाही, काही नाही.

"तीबी एकलीच हाय, वीरा," ती मला घरच्या नावानं हाक मारून म्हणाली. "कुनाची तरी वाट बगायची सवं लागलीय तिला. कुनाची, ते तिला बी ठावं नसंल."

मी उठून कंदील पुसायला घेतला, वीज असताना.

उन्हाळ्यातल्या शिबिराला मी तिला जवळजवळ ओढूनच नेलं. परभणीत आम्ही दवाखान्याच्या वऱ्हांड्यात चटईवर राहिलो. ऑपरेशन चांगलं झालं. पट्टी काढून जाड भिंगांचा चष्मा दिला तेव्हा तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. लय वाळलास म्हणाली. केस पांढरे झालेले तिला ठाऊक नव्हते.

परत आल्यावर ती थेट खिडकीशी गेली. चष्मा काढून कपाळ टेकलं. मग चष्मा लावून पाहिलं. मी मागं उभा होतो. रस्त्यावरून एक सायकलवाला गेला, तो तिला दिसला. त्याच्या कॅरिअरवरची गोणीसुद्धा दिसली.

ती मागं वळली आणि खाटेवर बसली.

"डोळं आलं अन् ती गेली," ती म्हणाली.

मला हायसं वाटलं. मी म्हणालो, झालं तर मग. अव्वानं माझ्याकडे नजर टाकली. न दिसणारं माणूस गेलेलं असतं का, असं तिनं विचारलं. इतकी वर्षं ती स्वतः गावाकडं होती, मला दिसत नव्हती, म्हणून ती नव्हती का?

चार दिवसांत तिनं गावी जायचं काढलं. मृग लागायच्या आत जायचं. मी खूप समजावलं. आता दिसतंय, आता इथंच राहा, तिकडं कोण आहे. खरं तर एवढंच मला कधीपासून म्हणायचं होतं. अव्वानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तिला इथं राहायचं होतं, हे मला तिच्या हातावरून कळलं. पण ती बधली नाही.

लिंबाखाली आम्ही गंगाखेडच्या गाडीची वाट बघत उभे होतो. तिच्या हातात कापडी पिशवी होती. ती मधूनच थोडी बाजूला सरकायची, शेजारच्याला सावली मिळावी म्हणून सरकतात तशी. मी ते पाहिलं आणि रस्त्याकडे बघत राहिलो.

गाडी दिसू लागली तेव्हा ती बोलली.

"मी गेल्याबिगर ती आत यायची न्हाई. आता पानकाळा येईल. भाईर किती दिस हुबी ऱ्हाईल?" मग पिशवी काखेत घेऊन, आवाज खाली आणून म्हणाली, "सांजेला आलास की एकदम शिरत जाऊ नको. दार वाजव. बाईमानूस हाय."

मी तिला गंगाखेडपर्यंत सोडायला निघालो तर तिनं येऊ दिलं नाही. स्टेशनवर गावचा माणूस भेटणार होता. कंडक्टरनं घंटी दिली. खिडकीतल्या चष्म्याची भिंगं एकदा चमकली आणि गाडी वळली.

मी रस्ता ओलांडून क्वार्टरपाशी आलो. दाराला माझंच कुलूप होतं. किल्ली हातात होती. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी दार वाजवलं.

पहिले काही दिवस अव्वाचा शब्द म्हणून वाजवलं. कुलूप घातलेल्या, रिकाम्या घराच्या दारावर. आश्रुबा फाटकातून बघायचा आणि तोंड फिरवायचा. पुढं सवय झाली. पुढं, खरं सांगायचं तर, संध्याकाळी भट्टीवरून निघताना पाय लवकर उचलू लागले. आत गेल्यावर खोली रिकामीच असायची. पण मी दिवसभराचं बोलायला लागलो होतो. कोणता माल नीट पांढरा झाला, कुणाचा हात भाजला, स्टीलच्या भांड्यांमुळे ऑर्डरी कशा कमी होत चालल्या आहेत. माझ्या आवाजानं आता मी दचकत नव्हतो.

पावसाळ्याच्या मध्याला एकदा दुपारीच घरी यावं लागलं. माझा चष्मा घरी विसरला होता आणि भट्टीचा रस, म्हणजे वितळलेली काच, काढायची वेळ झाली होती. पाऊस नव्हता, पण हवा ओली होती आणि धूर खाली बसला होता. मी घाईघाईनं ओसरी चढलो, कुलूप काढलं आणि दार ढकललं.

दार हललं नाही.

पावसानं फुगलं असेल म्हणून खांदा लावला. वरच्या बाजूला दार थोडं आत गेलं, मधे अडलं. फटीतून मला आडवी लोखंडी पट्टी दिसली.

आतून कडी होती.

कुलूप माझ्या हातात होतं. घराला दुसरं दार नव्हतं. मागं भट्टीचा घुमणारा आवाज येत होता आणि कुणीतरी माझ्या नावानं हाका मारत होतं, रस तयार झाला म्हणून.

मी दोन पावलं मागं झालो. मग पुढं होऊन बोटांच्या पेरांनी दार हळूच वाजवलं, आणि आतल्या माणसाला आवरायला वेळ मिळावा म्हणून दाराकडे पाठ करून उभा राहिलो.